एकवीस हजारांचा दाखला

21 हजारांना 12ने भागले की 1,750 येतात. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षे 21 हजार रुपयेच राहिली. म्हणजे ज्या घरात महिन्याला साडेसतराशेहून एक रुपया जास्त येतो, ते घर या योजनेच्या हिशेबी गरीब नाही. नागपुरात सकाळी ठिय्यावर उभा राहणारा बिगारी चार-पाच दिवसांच्या हजेरीत एवढे कमावतो. मुलगा आठवड्यातून एकच दिवस कामाला गेला, तरी त्याच्या सत्तर वर्षांच्या आईला महिन्याचे दीड हजार मिळण्याची वाट कागदावर बंद होते.

तरी राज्यात लाखो वृद्धांना हे पैसे मिळतात. कसे मिळतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. ‘एकवीस हजारांचा दाखला’ काढला जातो. अर्ज करणारीला माहीत असते की आकडा खरा नाही, तलाठ्याला माहीत असते, सेतू केंद्रात अर्ज टाइप करणाऱ्या पोराला माहीत असते आणि सही करणाऱ्या नायब तहसीलदारालाही. फसवले कोणीच जात नाही. नुकसान वेगळेच होते. खोटे लिहिल्याशिवाय हक्क मिळत नसेल, तर ते खोटे कोणाचे चालवून घ्यायचे आणि कोणाचे अडवायचे, ही सत्ता मधल्या माणसाच्या हाती जाते. वस्तीतला कार्यकर्ता, दलाल, समितीवरच्या कोणाचा तरी ओळखीचा माणूस. हे अर्ज मंजूर करणाऱ्या संजय गांधी निराधार योजनेच्या समितीवर अशासकीय अध्यक्ष नेमला जातो आणि तो बहुतेकदा सत्तेतल्या पक्षाचा असतो, हेही विसरू नये. म्हातारीला ‘पगार’ सुरू झाला की ती आभार सरकारचे मानत नाही, त्या माणसाचे मानते.

2024च्या जूनअखेर एक विलक्षण गोष्ट घडली. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना आली. रक्कम तीच, महिन्याला 1,500. वयाची अट 21 ते 65 वर्षे आणि उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. आता एकाच घरातल्या दोघींचा विचार करा. चौसष्ट वर्षांच्या जावेला अडीच लाखांच्या मर्यादेत हे पैसे सहज मिळतात. सासष्ट वर्षांच्या जावेला तेवढ्याच पैशांसाठी घरचे उत्पन्न त्याच्या जेमतेम बाराव्या हिश्श्याएवढेच असल्याचे दाखवावे लागते. पासष्टी ओलांडली की बहिणीची निराधार होते. सरकारने हे ठरवून केले असेल असे मला वाटत नाही. पण म्हाताऱ्यांच्या योजनेकडे किती वर्षांत कोणी वळून पाहिले नव्हते, ते यातून उघड झाले.

केंद्राची तऱ्हाही वेगळी नाही. 15 ऑगस्ट 1995ला राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा वृद्धांना महिना 75 रुपये मिळत. 2007मध्ये योजनेला इंदिरा गांधींचे नाव मिळाले तेव्हा केंद्राचा वाटा 200 रुपये होता. 2011मध्ये वयाची अट 65वरून 60वर आली आणि ऐंशीच्या पुढच्यांना 500 ठरले. साठ ते एकोणऐंशीमधल्यांचे ते दोनशे मात्र दोनशेच राहिले. महाराष्ट्राने आपली भर घालत रक्कम 600वरून 2019मध्ये 1,000वर आणि 2023मध्ये 1,500वर नेली. ही वाढ झाली नसती तर आज बोलण्यासारखेही काही उरले नसते.

खुद्द नागपूरच्या इतिहासात पाहिले तर या गोष्टीची लाज वाटावी. 1 जानेवारी 1877ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली. त्या मिलने 1886मध्ये कामगारांसाठी पेन्शन निधी काढला आणि 1901मध्ये भविष्य निर्वाह निधी. जगाच्या पाठ्यपुस्तकांत वार्धक्य विम्याचा पहिला कायदा म्हणून बिस्मार्कच्या जर्मनीचे नाव येते, तो कायदा 1889चा आणि वयाची अट सत्तर. नागपूरच्या गिरणीतला निधी त्याच्या तीन वर्षे आधीचा. ही खासगी मालकाची सोय होती, सर्वांचा हक्क नव्हता, हे खरे. पण म्हाताऱ्या कामगाराचे पुढे काय, हा प्रश्न या गावाला सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच पडला होता. पुढे मिल सरकारी महामंडळाकडे गेली, 2002मध्ये बंद पडली, आणि आज त्या जागेवर मॉल आहे.

गिरण्या गेल्या तशी गिरणीच्या जिवावर जगणारी कामेही गेली. पाचपावली, तांडापेठ, गोळीबार चौक या भागांत हातमागावर आयुष्य काढलेले कोष्टी आहेत. उत्तर नागपुरात आणि कामठीकडे विड्या वळून बोटांचे ठसे झिजलेल्या बाया आहेत. आधारच्या यंत्राला त्यांचा अंगठा ओळखू येत नाही, यात नवल ते काय! धरमपेठ-रामदासपेठेतल्या घरांत धुणीभांडी करून गुडघे गमावलेल्या आहेत. यांच्यातल्या ज्यांचा भविष्य निधी कापला गेला, त्यांना 1995च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून काही मिळते. त्याची किमान रक्कम 2014मध्ये 1,000 ठरली. तिच्या वाढीसाठी बुलढाण्यात 2018च्या डिसेंबरपासून साखळी उपोषण चालले. बाकीच्यांचा पीएफ कोणी कापलाच नाही, कारण ते कोणाच्या मस्टरवर नव्हते.

आणि ऐवजदार. हा शब्द नागपूरबाहेर समजावून सांगावा लागतो. महापालिकेचा कायम सफाई कामगार रजेवर गेला की त्याच्या ऐवजी झाडू घेणारा तो ऐवजदार. बदली म्हणून आलेली ही माणसे वीस-वीस, पंचवीस-पंचवीस वर्षे रोजंदारीवर शहर झाडत राहिली. 2019च्या सुमारास वीस वर्षे भरलेल्यांना कायम करण्याचा निर्णय झाला, हजारो जणांना त्याचा लाभ झाला. पण त्याआधीच जे ऐवजदार म्हणून थकले, त्यांचे काय? वृद्धांच्या गरिबीबद्दल महापालिकेशी बोलायला जायचे तर पहिली गोष्ट इथूनच काढली पाहिजे. गरीब म्हातारे महापालिकेच्या दारात बाहेरून आलेले नाहीत. त्यांतले काही तिच्याच हजेरीपटावरून उतरलेले आहेत. आज कचरा उचलणारे ठेकेदाराचे कामगारही उद्या त्याच रांगेत असतील. त्यांचा पीएफ भरला जातो की नाही हे ठेक्याचे बिल काढताना तपासणे महापालिकेच्याच हातात आहे, आणि त्यासाठी मुंबई-दिल्लीचा आदेश लागत नाही.

इथे एक आक्षेप ठरलेला असतो. पेन्शन हा राज्याचा विषय, तहसीलदाराचे काम, महापालिकेचा त्यात काय संबंध? आक्षेप अर्धा खरा आहे. अर्ज तहसील कार्यालयात जातो, समिती त्याच कार्यालयाची, तहसीलदार तिचे सदस्य सचिव. महापालिका या साखळीत कुठेच नाही. मुलांनी सांभाळले नाही तर 2007च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणापुढे जायचे. तेही महसूल खाते. तिथे महिन्याला जास्तीत जास्त दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो, पण त्यासाठी मुलाकडे दहा हजार असावे लागतात. ठिय्यावरच्या मुलावर दावा लावून म्हातारीला काय मिळणार? त्याच कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे जणांचा वृद्धाश्रम काढण्याचे कलम आहे, पण राज्य सरकार तो ‘काढू शकेल’ अशा सैल भाषेत.

आक्षेपाचा दुसरा अर्धा मात्र खोटा आहे. 74व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची जोडली. तीत नागरी संस्थांच्या अठरा कामांची यादी आहे. दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण नवव्या क्रमांकावर आणि शहरी दारिद्र्यनिर्मूलन अकराव्या. रस्ते आणि पाणी ज्या यादीत आहेत, त्याच यादीत हे आहे. रस्त्यात खड्डा पडला तर ‘हा राज्याचा विषय’ असे झोन कार्यालय म्हणत नाही. महाराष्ट्रातल्या महापालिका दिव्यांगांसाठी अर्थसंकल्पात पाच टक्के वेगळे काढतात, महिला-बालकल्याणासाठीही काढतात. वृद्धांसाठी अशी नेमकी टक्केवारी मात्र रुळलेली नाही.

नागपूर महापालिकेचा अलीकडचा अर्थसंकल्प पाच हजार कोटींच्या पुढचा असतो. त्याचा एक टक्का म्हणजे पन्नास कोटी. हे ऐकून पुष्कळ जणांना वाटते की महापालिकेनेच दरमहा पाचशे-सातशे रुपयांची भर घालावी. मी त्या बाजूचा नाही. ज्या संस्थेला ठेकेदारांची बिले वेळेवर देता येत नाहीत, तिने सुरू केलेला मासिक भत्ता पहिल्याच कडक वर्षात थांबेल, आणि थांबलेल्या पैशाइतका जाच न आलेल्या पैशाचा होत नाही. महापालिकेकडे तेच मागावे जे तिला राज्यापेक्षा चांगले करता येते. माणूस शोधणे, त्याचा कागद चालवणे आणि त्याचा रोजचा खर्च कमी करणे.

शोधण्यापासून सुरुवात करू. 2011च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 24,05,665 होती आणि महाराष्ट्रात दर दहा माणसांमागे जवळपास एक जण साठीपुढचा. यातले एकटे किती, बिनउत्पन्नाचे किती, अंथरुणावर किती, याची वस्तीवार यादी झोनच्या टेबलावर असायला हवी. देशाचे चित्र बरे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या 2023च्या अहवालानुसार भारतातले चाळीस टक्क्यांहून अधिक वृद्ध संपत्तीच्या सर्वांत खालच्या पाचव्या हिश्श्यात मोडतात आणि 18.7 टक्क्यांना कसलेच उत्पन्न नाही. नागपूरच्या चारशेहून अधिक झोपडपट्ट्यांत हे प्रमाण यापेक्षा बरे असेल असे मानायला कारण नाही.

‘एवढे मनुष्यबळ कुठून आणायचे?’ असे विचारले जाते. लाडक्या बहिणीच्या वेळी ते कुठून आले? 1 जुलै 2024पासून अर्ज सुरू झाले आणि ऑगस्टच्या मध्याला खात्यात पैसे पडू लागले. अंगणवाडी सेविका, सेतू केंद्रे, शहरांत वॉर्ड अधिकारी, सगळे कामाला लागले. राज्यभरात दोन कोटींहून जास्त बायकांची नावे काही महिन्यांत चढली. घाईत अपात्र नावेही शिरली, ती पुढे काढावी लागली. हा दोष सांगितलाच पाहिजे. पण यंत्रणा नाही, हे कारण त्या पावसाळ्यात कायमचे बाद झाले.

दुसरा दाखला त्याच वर्षातला. लोकसभेच्या निवडणुकीत 85 वर्षांवरच्या मतदारांना घरून मत देण्याची सोय होती. पथक गुप्त मतदानाची व्यवस्था घेऊन घरी जात होते. नागपूरही त्यात होते. ते काम महसुली यंत्रणेनेच केले. तीच यंत्रणा निराधारच्या लाभार्थ्याला वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायला बोलावते. मत घ्यायला घरी येता येते आणि माणूस जिवंत आहे हे पाहायला मात्र येता येत नाही! इथेच महापालिका मधे पडू शकते. दहा झोन आहेत, लक्ष्मीनगरपासून मंगळवारीपर्यंत. प्रत्येक झोनमध्ये आठवड्यातून एक दिवस निराधारच्या अर्जांसाठी टेबल लागले, तहसीलचा एक माणूस तिथे बसला आणि अंथरुणावरच्यांचा हयातीचा दाखला आशा सेविकेने घरी जाऊन केला, तर आशीनगरच्या म्हातारीचा सिव्हिल लाइन्सपर्यंतचा ऑटोचा खर्च आणि एक दिवस वाचेल. दलालाचे निम्मे काम जागीच संपेल.

केरळात ही साखळी मुळातच वेगळी आहे. तिथे सामाजिक सुरक्षा पेन्शनचा अर्ज ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत दिला जातो, चौकशी तिथेच होते, आणि ज्यांना बँकेत जाता येत नाही त्यांचे पैसे सहकारी संस्थेचा माणूस घरपोच देतो. शहरांत ‘वयोमित्रम्’ नावाचे फिरते दवाखाने नागरी संस्थांच्या साथीने चालतात आणि पासष्टीपुढच्यांना औषधे फुकट मिळतात. जुने उदाहरण हवे तर ब्रिटनचे आहे. 1908च्या कायद्याने सत्तरीपुढच्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत पेन्शन मिळू लागली. पैसा लंडनच्या खजिन्यातला, पण अर्जावर निर्णय घेणारी समिती स्थानिक कौन्सिलने नेमलेली, आणि 1 जानेवारी 1909पासून पैसे पोस्टाच्या खिडकीतून. गरीबखान्याच्या दारात उभे राहायला लावणाऱ्या जुन्या व्यवस्थेपेक्षा पोस्टाची रांग कितीतरी मानाची होती.

आपल्याकडेही स्थानिक संस्थेने हात पुढे केल्याचे उदाहरण आहे. लातूर जिल्हा परिषदेने आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून 30 टक्के कापून ते थेट आई-वडिलांच्या खात्यात टाकायचे ठरवले आणि 2021च्या सुरुवातीला ते करून दाखवले. त्यांत शिक्षकही होते. हा उपाय पगारदार मुलांपुरताच चालतो, म्हणून गरिबीवरचे औषध नव्हे. तरी ठरावाने एवढे होऊ शकते, हे त्यातून दिसले.

आता खर्चाची बाजू. गरीब म्हाताऱ्याचा पैसा कशावर जातो? औषधावर आणि दवाखान्यात जाण्यावर. मेडिकल आणि मेयो ही राज्य सरकारची रुग्णालये. तिथे चिठ्ठी काढून बाहेर येईपर्यंत अर्धा दिवस जातो, आणि सोबत आलेल्या मुलाची एक हजेरी बुडते. रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या महापालिकेच्या जवळच्या दवाखान्यात महिन्याच्या महिन्याला खात्रीने मिळाल्या, तर तेवढेच महिन्याला काहीशे रुपये वाचतात. ऑक्टोबर 2024पासून सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मानचे पाच लाखांचे संरक्षण आहे, पण ते भरती झाल्यावर. रोजच्या गोळीला ते कार्ड चालत नाही.

छपराचा हिशेब तर सरळ आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2010च्या आदेशानुसार शहरात दर लाख वस्तीमागे एक बेघर निवारा हवा. नागपूरला चोवीस लागतात, आहेत ते बोटांवर मोजण्याइतके. रेल्वे स्टेशन आणि टेकडी गणपतीच्या परिसरात रात्री फेरी मारली की चोवीसचा आकडा कुठून आला ते कळते.

आणि उन्हाळा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जाणे इथे बातमी नसते. पत्र्याखाली दुपारी पडून राहणाऱ्या माणसाला कूलरचे वीजबिल परवडत नाही. नागपूरने 2016मध्ये उष्माघात कृती आराखडा केला. अहमदाबादनंतर लवकर जागे झालेल्या शहरांपैकी हे एक. बागा दुपारी उघड्या ठेवा, पाणपोया लावा, दवाखान्यांत थंड कक्ष ठेवा, असे त्याचे स्वरूप. पण ज्याला बागेपर्यंत चालवत नाही त्याच्यासाठी पत्र्याला पांढरा चुना लावणे हाच खरा उपाय. अहमदाबादेत झोपड्यांची छपरे अशी रंगवली गेली आहेत. हे काम सर्वांत स्वस्त आणि एका उन्हाळ्यात संपणारे.

शहरात ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रे बांधलेली दिसतात. कॅरम, वर्तमानपत्रे, सकाळचा हास्यक्लब. चांगलेच आहे. पण ती पेन्शन असलेल्यांसाठी आहेत, आणि यात ज्येष्ठ नागरिक मंडळांनाही थोडे ऐकून घ्यावे लागेल. मंडळे चालवतात निवृत्त शिक्षक, बँकेतले, रेल्वेतले लोक. त्यांची मागणी रेल्वे सवलतीची; मार्च 2020मध्ये ती बंद झाली, राग रास्तच आहे. पण गरीब म्हाताऱ्याला मंडळ नाही. वर्गणी भरायची कुठून आणि सभेला जायचे कसे? निवेदन लिहिता येणाऱ्यांनीच दुसऱ्याचे निवेदन लिहिले, तर ते झोनपर्यंत पोहोचेल. बाबा आढावांनी आणि अरुणा रॉय यांनी 2012मध्ये पेन्शन परिषद उभी केली, ती असंघटित म्हाताऱ्यांना दिल्लीच्या जंतरमंतरवर घेऊन गेली. मागणी महिना दोन हजारांची होती.

मागणी कुठे टाकायची, हेही ठरलेले हवे. मार्च 2022मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची तीन वर्षे उलटली तरी शहर प्रशासकाच्याच हाती होते. त्या काळात म्हातारीने गाऱ्हाणे घेऊन जायचे ते दारच नव्हते. पण नगरसेवक असले तरी तेवढ्याने भागत नाही. महाराष्ट्राच्या महापालिका कायद्यात 2009पासून क्षेत्रसभेची तरतूद आहे, म्हणजे मतदारांनी वस्तीच्या पातळीवर बसून गरजा सांगायच्या. ती क्वचितच भरते. भरवा म्हणून अर्ज करणे ही पहिली पायरी आहे. अर्जाची पोच घ्यावी, उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार वापरावा.

खरी वेळ अर्थसंकल्पाची. दिवाळीनंतर विभागांकडून पुढच्या वर्षाचे आकडे मागवायला सुरुवात होते आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास आयुक्त ते मांडतात. फुलांचा गुच्छ घेऊन मार्चमध्ये गेलेल्या शिष्टमंडळाला आश्वासन मिळते. आकडा नोव्हेंबरात लागलेला असतो. म्हणून मागणी ‘ज्येष्ठांकडे लक्ष द्या’ अशी नको. गरीब वृद्धांसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष, त्यात दवाखान्यातल्या गोळ्या, झोनचे टेबल, छपरांचा चुना आणि निवारे यांची वेगवेगळी रक्कम, असे लिहून द्यावे. स्वतंत्र शीर्ष नसले की पैसा समाजकल्याणाच्या ढिगात मिसळतो आणि डिसेंबरात दुसरीकडे वळतो. पुढच्या वर्षीच्या पुस्तकात त्याच शीर्षासमोर ‘सुधारित अंदाज’ नावाचा एक रकाना असतो. पहिल्या रकान्यात पाच कोटी आणि या रकान्यात चाळीस लाख दिसले, तर पुढच्या अर्जाची पहिली ओळ तीच.